चौथी ओळ

आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एकूण किती नियम आहेत हे कुणालाच माहीत नाही. एकावर एक कागद चिकटवलेले. 'रात्री दहानंतर गेट बंद.' त्याखाली, 'अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना साडेदहापर्यंत सवलत.' त्याच्याही खाली निळ्या पेनने, 'परीक्षाकाळात सवलत रद्द.' फर्स्ट इयरचा एखादा नवखा विचारतो, "काका, मग नक्की किती वाजता?" वॉचमन काका काही न बोलता सगळ्यात खालच्या कागदावर बोट ठेवतात. शेवटी लिहिलेलं खरं!

काकांचं हे तत्त्व मी तीन वर्षं बघत होतो. गिटच्या इग्नोर फाइलचंही तत्त्व तेच आहे, हे मला फायनल इयरला कळलं. कळायला जरा महाग पडलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना गिट माहीत नाही त्यांच्यासाठी (आमच्या रेक्टर सरांनी हा अंक वाचायचं कबूल केलं आहे, म्हणून) दोन वाक्यं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिलेला हा प्रोग्रॅम तुमच्या फोल्डरची बखर ठेवतो. कोणती फाइल कधी बदलली, कुणी बदलली, आधी त्यात काय होतं, सगळं. चौघांनी मिळून प्रोजेक्ट करायचं तर पेनड्राइव्ह फिरवत बसण्यापेक्षा हे बरं. पण फोल्डरमध्ये बराच कचराही साठतो. कंपायलरने टाकलेल्या फाइली, प्रोग्रॅमने स्वतःच लिहिलेली रडगाणी, तात्पुरते तुकडे. ते बखरीत नकोत. म्हणून एक छोटी मजकुराची फाइल करायची, तिचं नाव टिंबाने सुरू होतं, आणि तिच्यात एकेका ओळीवर एकेक नियम लिहायचा : अशा नावाच्या, अशा ठिकाणच्या फाइलींकडे बघू नकोस.

टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली युनिक्समध्ये एरवी दिसत नाहीत. त्याचीही गंमत आहे. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिलंय की हे मुळात कुणी ठरवलेलंच नव्हतं. यादी दाखवताना 'हा फोल्डर' आणि 'वरचा फोल्डर' या दोन नोंदी वगळायच्या होत्या. दोन्हींची नावं टिंबाची, म्हणून कुणीतरी आळसाने फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं. तेव्हापासून टिंबवाल्या सगळ्याच फाइली अदृश्य! म्हणजे वगळण्याचा नियम सैल लिहिण्याची परंपरा जुनी आहे. मी एकटाच नाही.

असो. तर आमचा ग्रुप चौघांचा. विषय, विहिरीच्या पाण्याची पातळी नोंदवणारं यंत्र. विषय मास्तरचा. मास्तर म्हणजे माझा रूम पार्टनर. तो कुणाला शिकवत नाही, पण त्याचं जर्नल बघितलं तर शाळेतल्या मास्तरांची आठवण होते, समास सोडून, रेघ मारून. गाव माण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. महाबळेश्वरला धो धो कोसळतो तोच पाऊस तिकडे पोचेपर्यंत रिकाम्या हाताचा होतो. त्यांच्याकडे भरवसा सप्टेंबर आणि परतीच्या पावसावर. तेव्हा विहिरीला किती फूट पाणी चढलं त्यावर रब्बी ठरते. मास्तरच्या शेतातल्या विहिरीत आम्ही प्रेशर सेन्सर सोडला. वर डबा, डब्यात कार्ड. दर दहा मिनिटाला एक नोंद, दिवसाला १४४ नोंदी, रोजची एक नवी फाइल.

कार्डं दोन. एक विहिरीवर, एक मास्तरच्या खिशात. दर पंधरवड्याला तो घरी गेला की अदलाबदल करायची, आलेलं कार्ड लॅपटॉपवर उतरवायचं, पुसायचं आणि पुढच्या खेपेला तेच लावायचं. फाइलींची नावं यंत्रच देणार. आम्ही वापरलेल्या लायब्ररीला जुन्या डॉसच्या पद्धतीची नावंच समजतात, आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं. म्हणून नावं अशी : कॅपिटल अक्षरांत एल-ओ-जी, पुढे पाच आकडे. लॉग ००००१, लॉग ००००२...

सप्टेंबरचे पहिले २१ दिवस, म्हणजे ६ ते २६, असे आले. ते मी माझ्या लॅपटॉपवर उतरवले. माझ्याकडे लिनक्स आहे आणि त्याची मला तेव्हा फार घमेंड होती. नुसत्या क्रमांकावरून दिवस कसा कळणार? म्हणून ठरवलं की फाइलींना तारखेची नावं द्यायची.

नावं बदलणं हे काम दिसतं तितकं सरळ नाही. डॉसमध्ये 'अमुक शेपटीच्या सगळ्यांना तमुक शेपटी लाव' असं एका ओळीत सांगता येतं, कारण तिथे * चा अर्थ ती आज्ञाच लावते. लिनक्समध्ये * तुमच्या आज्ञेपर्यंत पोचतच नाही. आधी शेल तो सोडवतं, जुळणाऱ्या नावांची यादी करतं, आणि ती यादी आज्ञेच्या हातात देतं. ही पद्धत युनिक्सच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासूनची, १९७१ ची. तेव्हा ग्लोब नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅमच हे काम करायचा. मला हे माहीत नव्हतं. सरावासाठी दोनच फाइलींचा एक फोल्डर केला, एमव्ही टाइप केलं, लॉग आणि तारा टाइप केला, आणि नवीन नाव लिहायच्या आधीच चुकून एंटर दाबलं. शेलने दोन नावं मांडली. एमव्हीने त्याचा अर्थ घेतला : पहिलीला दुसरीचं नाव दे. दुसरी फाइल गेली. प्रश्न नाही, सूचना नाही. सरावाच्या फाइली होत्या म्हणून हसलो. मग नीट स्क्रिप्ट लिहिली. ती फाइल उघडायची, पहिल्या ओळीतली तारीख वाचायची, तेच नाव द्यायचं. आधी 'काय बदलणार आहे ते नुसतं छापून दाखव', मग खरं काम. २१ फाइली नव्या नावांनी गिटमध्ये गेल्या.

(इथे एक जाणून घेण्यासारखं. नाव बदललं ही गोष्ट गिट कुठेच लिहून ठेवत नाही. एक फाइल गेली, एक आली, एवढंच त्याला ठाऊक. नंतर विचारलं की ते दोघींचा मजकूर ताडून बघतं, आणि निम्म्याहून जास्त जुळला की सांगतं, ही तीच. म्हणून नाव बदलायचं आणि आतलं सगळं खरडायचं अशी दोन्ही कामं एकदम करू नयेत. ओळख पुसते.)

त्याच दिवशी मी इग्नोर फाइल लिहिली. आमचा ग्राफ काढणारा प्रोग्रॅम चुकांची नोंद एका फाइलीत टाकायचा. तिचं नाव लॉग, पण लहान अक्षरांत. कधी लॉग, कधी लॉग-१, कधी लॉग-जुना. म्हणून चौथ्या ओळीवर मी लिहिलं : लहान अक्षरांत एल-ओ-जी आणि पुढे *. म्हणजे लॉगने सुरू होणारं काहीही असो, बघू नकोस. तासाभरापूर्वी स्क्रिप्टमध्ये हेच तीन अक्षरी नाव मी कॅपिटलमध्ये लिहिलं होतं. दोन्ही ठिकाणी हात माझाच, आणि मला काहीही खटकलं नाही. माझ्या मशीनवर ती दोन वेगवेगळी नावं होती ना! मराठीत लिहिणाऱ्याला हे दुखणं नाही. आपल्याकडे मोठा ल आणि लहान ल नसतो.

पुढच्या खेपेपासून कार्ड मास्तर स्वतःच उतरवू लागला. त्याच्याकडे विंडोज. माझी स्क्रिप्ट त्याच्याकडे चालेना. तो म्हणाला, "राहू दे, आत्ता आहे त्याच नावाने टाकतो, शेवटी तू एकदम बदल." मी म्हटलं चालेल. त्याने पंधरवड्याच्या फाइली डेटा फोल्डरमध्ये ठेवल्या, थोडा कोड बदलला होता तोही घेतला, 'गिट ॲड डॉट' केलं, कमिट, पुश. सगळं सुरळीत. पुढच्या पंधरवड्यालाही तसंच. मी दर वेळी पुल करायचो आणि फक्त कोड बघायचो. डेटा फोल्डरमध्ये डोकावलो असतो तर... पण त्या फोल्डरमध्ये २१ फाइली होत्याच की. भरल्यासारखाच दिसायचा.

दिवाळीच्या आधी मास्तरच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. आधी टिक टिक आवाज, मग काळा पडदा. मेसमध्ये मुलं हळहळत होती आणि हा शांतपणे आमटी ओढत होता. "गिटवर आहे सगळं," म्हणाला.

रात्री माझ्या लॅपटॉपवर बघितलं. २६ सप्टेंबरपर्यंत सगळं होतं. नंतरचं काहीच नाही.

मी आधी काय केलं असेल? स्वतःला वाचवलं. गिटमध्ये 'चेक-इग्नोर' नावाची आज्ञा आहे. तिला फाइलीचं नाव द्यायचं, जरा सविस्तर सांग म्हणायचं, की ती कोणत्या फाइलीतल्या कितव्या ओळीवरच्या नियमाने ती वगळली गेली ते सांगते. मी लॉग ०००२२ हे नाव दिलं, कॅपिटलमध्ये. उत्तर कोरं. म्हणजे कोणताही नियम लागत नाही. "बघ," मी म्हटलं, "माझ्या फाइलीत काही नाही. तूच ॲड करायला विसरलास." मास्तर म्हणाला, "मी केलं होतं रे." मग थोड्या वेळाने, "केलं असेल बहुतेक." आणि मग काहीच नाही. दिवा बंद करून भिंतीकडे तोंड करून झोपला. जर्नलला समास सोडणाऱ्या माणसाला मी विसरभोळा ठरवलं, आणि त्याने ते मान्यही केलं!

दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशातलं कार्ड आठवलं. पुसलेलं होतं, पण त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नव्हतं. पुसलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्रॅम चालवला, तर ११ ते २४ ऑक्टोबरच्या चौदाही फाइली निघाल्या. आम्ही ओरडलोच. त्याच्या आधीचं कार्ड मात्र विहिरीवर लागलेलं होतं आणि पुसलेल्या जागेवर नव्या नोंदी लिहीत होतं. ते मागवून बघितलं, अर्धेमुर्धे दोन तुकडे मिळाले, उपयोगाचं काही नाही. २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. १४ दिवस, २०१६ नोंदी. आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येऊन गेला होता. ज्यासाठी यंत्र केलं तेच दिवस!

दोन दिवसांनी लॅबमध्ये दुसऱ्याच कामासाठी विंडोजच्या मशीनवर प्रोजेक्ट उतरवून घेतलं. सहज म्हणून डेटा फोल्डरमध्ये लॉग ०००२२ नावाची रिकामी फाइल केली. 'गिट स्टेटस' म्हणालं, नवीन काही नाही. पोटात गोळा आला. 'चेक-इग्नोर' पुन्हा चालवलं. या वेळी उत्तर आलं. इग्नोर फाइल, ओळ चौथी.

कारण असं की विंडोज मोठ्या आणि लहान अक्षरांत फरक करत नाही, आणि गिट हे ओळखून घेतं. प्रोजेक्ट उतरवतानाच ते डिस्कची परीक्षा बघतं, आणि फरक होत नसेल तर स्वतःच्या सेटिंगमध्ये तशी नोंद करतं. मग इग्नोरचे नियमही त्याच नजरेने वाचतं. माझ्याकडे जे दोन वेगळे लॉग, ते मास्तरकडे एकच. नियम एक, फाइल एक, आणि दोन मशीनवर दोन निकाल. त्यात भर म्हणजे नियमात कुठेही तिरकी रेघ नसेल तर तो फक्त वरच्या फोल्डरला नाही, आतल्या प्रत्येक फोल्डरला लागतो. ओळीच्या डोक्यावर एक / दिली असती तर नियम बाहेरच्या फोल्डरपुरता राहिला असता आणि डेटा फोल्डरला हातही लावला नसता. एक रेघ! किंवा माझी स्क्रिप्ट विंडोजवर चालेल अशी लिहिली असती, तर नावं तारखेची झाली असती आणि नियम जुळलाच नसता. आणि 'ॲड डॉट' म्हटल्यावर वगळलेल्या फाइलींबद्दल गिट अवाक्षर काढत नाही. फाइलीचं नाव घेऊन ॲड केलं तरच अडवतं आणि सांगतं, ही तुम्ही वगळायला सांगितली आहे. मास्तरने कधी नाव घेतलं नाही. कशाला घेईल, पंधरा-पंधरा नावं?

हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सबमिशन होतं, ओरल होती, कारणं काय कमी असतात? तिसऱ्या दिवशी रात्री चहाच्या टपरीवर सांगितलं. वाटलं चिडेल. तो म्हणाला, "म्हणजे मी ॲड केलं होतं." मी म्हटलं, "हो." "मग ठीक आहे," म्हणाला, आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले. त्या तीन दिवसांत तो स्वतःचं प्रत्येक काम दोनदा तपासत होता हे मी बघितलं होतं. त्याबद्दल काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मग मी इग्नोर फाइल मुळापासून वाचली. आणखी एक मासला सांगतो, कारण यात अर्धी बॅच अडकते. आमच्या आउटपुट फोल्डरमध्ये ढीगभर ग्राफ पडायचे, म्हणून अख्खा फोल्डर वगळला होता. त्यातला एक ग्राफ मात्र रिपोर्टसाठी हवा होता. नियमाच्या आधी उद्गारचिन्ह दिलं की तो अपवाद होतो. खाली तसा अपवाद लिहिला. शेवटचं खरं, या न्यायाने चालायला हवं होतं. चाललं नाही. कारण फोल्डरच वगळला की गिट त्याच्या आत जातच नाही. गेटला कुलूप असताना तुमच्या रूमच्या दारावर 'याला सवलत आहे' असं लिहून काय उपयोग? काका रूमपर्यंत येतच नाहीत. फोल्डर उघडा ठेवायचा, पुढे / आणि * देऊन आतल्या वस्तू वगळायच्या, मग अपवाद लागू होतो. आणि हे सगळं पाठ करून मी बॅकअपसाठी आरसिंक वापरायला गेलो, तर तिथे उलटं! तिथे वरून वाचत जाताना जो नियम पहिला जुळेल तो खरा, खालचे वाचतच नाहीत. काकांचं तत्त्व गेटवर, मेसच्या मामांचं ताटाला. आधी रांगेत आला त्याचं आधी.

ते १४ दिवस कुठून आणायचे हा प्रश्न राहिलाच. मास्तरने घरी फोन लावला तेव्हा त्याला फक्त पाऊस कोणत्या दिवशी पडला एवढंच विचारायचं होतं. त्याच्या वडिलांनी, आबांनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, पाणी मी रोज मोजतोय की. तुमचं यंत्र बराबर सांगतंय का बघाय नको व्हय?" आबा रोज सकाळी विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडायचे आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचे. मास्तरच्या बहिणीने पानांचे फोटो पाठवले. दीड लिटर, दीड लिटर, एक लिटर पाव्हणे, आणि प्रत्येक चौकटीत खाली एक आकडा. २७ सप्टेंबरला ३१. १० ऑक्टोबरला २४. आकडा कमी होतोय म्हणून आम्ही आधी घाबरलो. मग लक्षात आलं, आबा काठापासून पाण्यापर्यंत मोजतात, यंत्र तळापासून वरचं पाणी. विहीर ४२ फूट. वजा करा. ११ फुटांचं पाणी १८ फूट झालं होतं.

ग्राफमध्ये ते तसेच मांडले. डावीकडे जाड सलग रेघ, मग मोकळी जागा आणि तिच्यात १४ ठिपके चढत गेलेले, मग पुन्हा सलग रेघ. ठिपके जोडावेत का यावर ग्रुपमध्ये भांडण झालं. मास्तर म्हणाला, जोडायचे नाहीत.

ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं. "ही रेघ इथे तुटली कशी?" मी पुढे होऊन चौथ्या ओळीची कथा सांगितली, जमेल तेवढ्या कमी शब्दांत. त्यांनी मान हलवली. "आणि हे ठिपके?"

"आबांनी दोरीने मोजलंय सर," मास्तर म्हणाला.

सर बराच वेळ पान बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळी किती वाजता मोजायचे?"

"धार काढून झाली की, सर. सहा-सव्वासहा."

तक्त्यात आम्ही वेळेचा रकाना रिकामाच सोडला होता. तिथेच टेबलाशी वाकून मी तो पेनने भरला.